टेमाच्या गोदामात कलाकार ठेवायचे, तर आधी काय बघाल?

प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणारे गृहस्थ मूळचे पुण्याचे, नऊ वर्षांपासून घानात टेमा बंदराजवळ एका कंपनीत नोकरीला आहेत. कंपनीचं एक जुनं गोदाम रिकामं पडलंय. घानातल्या आणि शेजारच्या देशांतल्या तरुण चित्रकार-शिल्पकारांना तिथे दोन-तीन महिने राहून काम करू द्यावं, शेवटी प्रदर्शन भरवावं, अशी ना-नफा संस्था त्यांना काढायची आहे. किती कलाकार घ्यावेत, खर्च कुठे होतो, पुण्याच्या मुख्य कंपनीचा सीएसआर निधी (कंपन्यांनी समाजकार्यासाठी काढून ठेवायचा पैसा) चालेल का, प्रदर्शनातल्या विक्रीवर संस्था चालेल का, हे त्यांनी विचारलंय. शिवाय संस्थेला 'कलांगण' नाव कसं वाटतं, हेही.

मी पंधरा वर्षं रेसिडेन्सी, म्हणजे कलाकारांनी येऊन राहायच्या-काम करायच्या जागा, चालवण्याचं काम करतोय, त्यातली सहा पूर्व आफ्रिकेत गेली. माझी आई शेजारणींना सांगते, "तो चित्रकारांची खाणावळ चालवतो." याहून नेमकी व्याख्या मला कुठल्याही अहवालात सापडलेली नाही. तुम्हीही तीच डोक्यात ठेवा, कारण तुमचे सगळे प्रश्न गोदामाबद्दल आणि प्रदर्शनाबद्दल आहेत. जेवण कोण करणार, हे तुम्ही विचारलेलंच नाही.

विक्रीचं आधी सांगून टाकतो. विक्रीवर संस्था चालत नाही, चालवूही नये. ज्या दिवशी तुमच्या विजेचं बिल चित्रांच्या विक्रीवर अवलंबून राहील, त्या दिवसापासून तुम्ही विकली जाणारी चित्रं काढणारेच कलाकार निवडाल. त्यासाठी व्यावसायिक गॅलऱ्या आहेत. त्या साधारण निम्मा हिस्सा घेतात आणि ते काम तुमच्या-माझ्यापेक्षा चांगलं करतात. बाजार किती वेडावाकडा असतो, त्याचं उदाहरण तुमच्या शेजारीच आहे. राजधानी अक्राचे चित्रकार आमोआको बोआफो २०१९ मध्ये मायामीच्या रुबेल म्युझियममध्ये रेसिडेन्सीला होते. तिथे नाव झालं. २०२० च्या फेब्रुवारीत लंडनमध्ये त्यांचं एक चित्र लिलावाला आलं, अंदाज ३० ते ५० हजार पौंडांचा होता, आणि ते ६ लाख ७५ हजार पौंडांना गेलं. ऐकायला गोड वाटतं, पण विकणारा दुसराच कोणी होता. लिलावातला पैसा चित्र ज्याच्याकडे असतं त्याच्या खिशात जातो, ज्याने काढलं त्याच्या नाही. बोआफोंनी पुढे २०२२ मध्ये अक्रातच 'डॉट अतेलिए' नावाची जागा स्वतः उभी केली आणि तिथे इतर कलाकारांना राहायला, काम करायला बोलावू लागले. पहिल्यांदा चित्र विकताना कागदावर काय लिहून घ्यायचं, हे कोणीतरी पंचविशीतल्या चित्रकाराला शेजारी बसवून समजावून सांगायला हवं. तुमच्या संस्थेने वर्षातून दोन संध्याकाळी एवढंच केलं तरी दहा प्रदर्शनांचं पुण्य पदरात पडेल.

आता प्रदर्शनाकडे येतो. आफ्रिकेत या कामाची जी घट्ट मुळं आहेत, त्यांच्या सुरुवातीला प्रदर्शन नव्हतंच. १९८२ मध्ये शिल्पकार अँथनी कॅरो आणि रॉबर्ट लोडर यांनी न्यूयॉर्क राज्यात ट्रँगल नावाची कार्यशाळा घेतली. वीस-पंचवीस कलाकारांनी दोनेक आठवडे एकत्र राहायचं, दिवसभर काम करायचं, रात्री भांडायचं, आणि शेवटी एक दिवस दारं उघडी ठेवायची. विक्री नाही, बक्षीस नाही. ते बघून डेव्हिड कोलोआने आणि बिल एन्सली यांनी १९८५ मध्ये दक्षिण आफ्रिकेत थुपेलो कार्यशाळा सुरू केली. सोथो भाषेतल्या या शब्दाचा अर्थ करून दाखवून शिकवणं. वर्णभेद जोरात होता. काळ्या चित्रकाराला स्वतःचा स्टुडिओ जवळजवळ अशक्यच, घरी स्वयंपाकाच्या ओट्याशेजारी जेवढा कागद मावेल तेवढंच चित्र. कार्यशाळेत दोन आठवडे मोठ्या भिंती मिळायच्या आणि पुन्हा त्याच खोलीत परत जायचं. त्यातूनच कायमच्या जागेची गरज पुढे आली आणि १९९१ मध्ये कोलोआने-लोडर यांनी जोहान्सबर्गच्या फोर्ड्सबर्गमध्ये 'बॅग फॅक्टरी' सुरू केली. नावाप्रमाणे ती पूर्वी खरोखरच पिशव्यांचा कारखाना होती. फोर्ड्सबर्ग म्हणजे भारतातून गेलेल्या व्यापाऱ्यांचा जुना मोहल्ला. कधी गेलात तर जेवायची चिंता नको.

बॅग फॅक्टरीची रचना मात्र नीट बघून घ्या, कारण तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर तिच्यात आहे. तिथे जोहान्सबर्गचेच कलाकार वर्षानुवर्षं स्वतःचे स्टुडिओ घेऊन बसतात. बाहेरून येणारा पाहुणा त्यांच्या ओळीतल्या एखाद्या खोलीत काही आठवडे असतो. तो चहाला बाहेर आला की शेजारी चाळीस वर्षं चित्रं काढणारा माणूस भेटतो. रंग कुठे स्वस्त मिळतो, लाकूड कोण कापून देतं, कुठल्या गल्लीत रात्री जाऊ नये, हे सगळं त्या चहात कळतं. कोऑर्डिनेटरने दिलेल्या वीस पानी माहितीपत्रकात ते नसतं.

म्हणून आकडा विचारलात तर असा: आधी पाच-सहा स्टुडिओ टेमा-अक्राच्या कलाकारांना नाममात्र भाड्याने द्या. सहा महिने काहीही जाहीर करू नका. मग एका वेळी दोन पाहुणे, एक घानाच्याच दुसऱ्या भागातला, कुमासी किंवा तामालेचा, आणि एक शेजारच्या देशातला. मुदत आठ आठवडे. अशा वर्षातून दोन फेऱ्या पुरेत. पहिल्याच वर्षी बारा देशांतले बारा कलाकार बोलावणाऱ्या संस्था मी पाहिल्यात. त्यांची पत्रकं फार सुंदर निघतात.

आठच आठवडे का? कारण पहिले दोन वाया जातात, आणि ते जाऊ द्यावे लागतात. आमच्याकडे एकदा झिम्बाब्वेहून एक शिल्पकार आले होते. अकरा दिवस त्यांनी एका वस्तूलाही हात लावला नाही. सकाळी खुर्ची काढून फाटकाशी बसायचे, रस्त्यावरून जाणाऱ्या बोडा-बोडा मोटरसायकली मोजायचे, जेवायचे, झोपायचे. आमच्या विश्वस्तांपैकी एकाने मला बाजूला घेऊन विचारलं, "हे आजारी आहेत का?" बाराव्या दिवशी त्यांनी गॅरेजमधून टायरच्या जुन्या ट्यूबांचं पोतं आणलं आणि पुढचे पाच आठवडे त्यांना जेवायला हाक मारावी लागली. चार आठवड्यांची मुदत असती तर जवळजवळ निम्मी खुर्चीवरच गेली असती.

खर्च कुठे होतो, ते तुमच्या गोदामाच्या हिशेबाने सांगतो. भिंतींना रंग, दिवे, टेबलं यांवर एकदाच पैसे जातात आणि ते देणारेही मिळतात, कारण त्यावर पाटी लावता येते. रोजच्या गोष्टींना देणगीदार मिळत नाही: स्वयंपाकीण, रात्रीचा पहारेकरी, इंटरनेट, डिझेल, डॉक्टर. तुम्ही नऊ वर्षं तिथे आहात म्हणजे 'दुमसोर' तुम्हाला सांगायला नको. वीज जाणं-येणं या प्रकारासाठी लोकांनी शब्दच पाडलाय. व्हिडिओवर काम करणाऱ्या कलाकाराची तीन तासांची रेंडरिंग (संगणकावर व्हिडिओ पक्का तयार होणं) मध्येच बंद पडली की तो जे काही बोलतो, ते ऐकण्यापेक्षा इन्व्हर्टर स्वस्त पडतो. कलाकाराला मानधन वेगळं आणि खाण्या-फिरण्याचा भत्ता वेगळा द्या. दोन्ही एकत्र केलेत तर तो उपाशी राहून पैसे घरी पाठवतो. मी हे तीन वेळा पाहिलंय. लक्षात ठेवा, तो तुमच्याकडे असताना त्याच्या गावी खोलीचं भाडं चालूच असतं.

आणि मुलंबाळं. एका छायाचित्रकार बाईंनी निवड झाल्यावर नकार कळवला, कारण मूल दोन वर्षांचं होतं. आम्ही त्यांच्या बहिणीचं बसचं तिकीट काढलं आणि खोलीत एक जास्तीची गादी टाकली. खर्च एका प्रदर्शनाच्या उद्घाटनाच्या शीतपेयांपेक्षा कमी आला. नियमावलीत 'सोबत कोणी आणू नये' हे वाक्य आपण न वाचताच दुसरीकडून उतरवून घेतो. ते काढून टाका.

गोदामाच्या उजेडाबद्दल एक गंमत सांगतो. चित्रकलेच्या शाळेत शिकलेला कोणीही तुम्हाला सल्ला देईल की स्टुडिओला उत्तरेकडून खिडकी हवी, उत्तरेचा उजेड दिवसभर शांत असतो. हा सल्ला युरोपातून आलाय, आणि आपल्याकडेही आपण तो बिनदिक्कत गिरवतो. टेमा विषुववृत्ताच्या उत्तरेला जेमतेम साडेपाच-पावणेसहा अंशांवर आहे. एप्रिल ते ऑगस्ट दुपारचा सूर्य तिथे उत्तरेलाच असतो. मोठ्या हौसेने उत्तरेला काच लावाल आणि जूनमध्ये चित्रकार चादरी टांगून बसेल. खोल पडवी किंवा बाहेर आलेला पत्रा, आणि त्याखालून येणारा आडवा उजेड, हे तिथे कामाला येतं. डिसेंबर-जानेवारीत सहारातून हरमटानची धूळ येते, ती ओल्या तैलरंगावर जाऊन बसते ती बसतेच. त्या महिन्यांत तैलरंगवाल्याला बोलावू नका, नाहीतर एक खोली नीट बंद होणारी ठेवा. बंदराचा खारा वारा पत्रे खातो, हे तुमच्या कंपनीच्या मेंटेनन्सवाल्याला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक असेल. त्याला पहिल्या बैठकीला बोलवा.

इमारत कशी असावी याचं मला आवडलेलं उदाहरण सेनेगलच्या पूर्वेला सिंथियान गावात आहे. जोसेफ आणि अ‍ॅनी अल्बर्स फाउंडेशनने तिथे २०१५ मध्ये 'थ्रेड' नावाचं केंद्र सुरू केलं. वास्तुकार तोशिको मोरी. छत बांबूचं आणि गवताने शाकारलेलं, पण उतार असे दिलेत की पावसाचं पाणी वाहून टाक्यांत जमतं. गावाची घरगुती पाण्याची सुमारे ४० टक्के गरज भागू शकेल इतकं. कलाकारांच्या दोन खोल्या या सगळ्याच्या एका कडेला आहेत. बाकीच्या जागेत गावची सभा, शिकवण्या, बायकांचं काम, पोरांचा दंगा. म्हणजे कलाकार तिथे गावाच्या ओसरीवर उतरलेला पाहुणा असतो. तुमच्या गोदामाच्या फाटकाबाहेर दुपारी सावलीला कोण बसतं, हे आठवडाभर बघा. त्या माणसांना आत यायला कारण असलं पाहिजे. नळ, सावली, मुलांसाठी शनिवारची चित्रं, काहीही चालेल.

साहित्याबद्दल थोडं, कारण इथे चांगल्या मनाची माणसं चुकतात. आफ्रिकेतल्या कलाकाराने टाकाऊतून टिकाऊ करावं, ही बाहेरच्या देणगीदारांची फार लाडकी अपेक्षा आहे. घानात जन्मलेल्या एल अनातसुईंनी नायजेरियात न्सुक्काला राहून बाटल्यांच्या बुचांतून भिंतीएवढे पडदे घडवले, सर्ज अतुक्वेई क्लोटी यांनी अक्रात पाण्याचे पिवळे कॅन कापून शिवले. त्या कॅनना तिथले लोक 'कुफुओर गॅलन' म्हणतात, पाणीटंचाईच्या काळातल्या राष्ट्राध्यक्षांच्या नावावरून. ही मोठी कामं आहेत, पण ती त्या-त्या माणसाच्या डोक्यातून आली, अर्जातल्या रकान्यातून नाही. तुमच्याकडे येणाऱ्या मुलीला लिननवर तैलरंगात आजीचं पोर्ट्रेट करायचं असेल तर तिला लिनन आणून द्या. ते अक्रामध्ये महाग पडतं, नेमकं म्हणूनच द्या. कांटामांटोच्या जुन्या कपड्यांच्या बाजारात तिला जायचं असेल तर ती स्वतः जाईल. आणि साहित्य पेटीत भरून परदेशातून मागवू नका. रोख द्या, पावत्या घ्या.

पाहुणा कुठून बोलवायचा, यात व्हिसाचा मोठा हात असतो. माझ्या कारकिर्दीतला सगळ्यात वाईट दिवस असा: कंपालाच्या एका चित्रकाराचं युरोपात प्रदर्शन ठरलं, चित्रं विमानाने पोहोचली, भिंतीवर लागली, आणि उद्घाटनाच्या चार दिवस आधी एका वकिलातीने त्याला व्हिसा नाकारला. कारण छापील होतं, 'परत येण्याची खात्री वाटत नाही'. त्याला दोन मुलं होती आणि बायकोचं शिवणाचं दुकान होतं. उद्घाटनाला तो व्हिडिओ कॉलवर आला, मागे शिलाई मशीन चालू होतं. तेव्हापासून मी पाच महिने आधी कागद सुरू करतो.

तुम्हाला मात्र एक मोठी सोय आहे. पश्चिम आफ्रिकेच्या इकोवास गटातल्या नागरिकांना एकमेकांच्या देशात ९० दिवस व्हिसाशिवाय राहता येतं. तुमचे आठ आठवडे त्यात आरामात बसतात. लागोसचा कलाकार कोतोनू, लोमे करत आफ्लावच्या नाक्यावरून बसने तुमच्याकडे येऊ शकतो, सोबत गुंडाळी केलेले कॅनव्हास घेऊन. आबिदजानहून, डाकारहून येऊ शकतो. या शेजाऱ्यांत फ्रेंच बोलणारे पुष्कळ आहेत, तेव्हा अर्ज फक्त इंग्रजीत मागू नका. आम्ही अर्जाऐवजी व्हॉट्सअ‍ॅपवरचा पाच मिनिटांचा आवाज चालवायला लागलो आणि जी माणसं यायला लागली, ती लिहिण्यात हुशार असलेल्या नेहमीच्याच यशस्वी अर्जदारांपेक्षा निराळी होती. अर्जाची फी घेऊ नका. निवडसमितीत निम्मे तरी काम करणारे कलाकार असू द्या.

कलाकाराचं काम सीमेपार जाताना काय होतं, तोही एक प्रसंग सांगतो. युगांडात मुतुबा नावाच्या झाडाची साल काढून, कुटून कुटून कापड करतात. लुबुगो म्हणतात त्याला. युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत ते आहे. आमच्या एका कलाकाराने त्याच लुबुगोचं मोठं शिवलेलं काम केलं होतं. दुसऱ्या एका देशाच्या विमानतळावर कस्टमच्या माणसाने पेटी उघडली, बोटाने चाचपलं आणि विचारलं, "हे कापड की लाकूड?" कापड म्हटलं तर कापडावरची जकात, लाकूड म्हटलं तर कीड नसल्याचा दाखला. आम्ही म्हणालो, "कलाकृती." तो म्हणाला, "त्या रकान्यात किंमत लिहा." किंमत आम्ही खरी लिहिली आणि तिथेच फसलो. पेटी सतरा दिवस अडकली. त्यानंतर मी प्रत्येक कामाबरोबर एक कागद जोडतो: कशाचं बनलंय, साध्या भाषेत, फोटोसह, आणि परत येणार आहे की विकलं जाणार आहे ते स्पष्ट. तात्पुरत्या आयातीसाठी एटीए कार्नेट नावाचा कागद असतो. दक्षिण आफ्रिका, सेनेगल, मोरोक्को अशा काही देशांत तो चालतो, सगळीकडे नाही. काम पाठवायच्या आधी क्लिअरिंग एजंटला विचारा. तुम्ही बंदरात आहात, तुमच्या ओळखीचे दहा असतील. खरं सांगायचं तर, या धंद्यात तुमची सगळ्यात मोठी ताकद गोदामापेक्षा या दहा ओळखी आहेत.

एवढं सगळं बोलून मी प्रदर्शनाच्या विरोधात आहे असं वाटेल. तसं नाही. मला चीड आहे ती 'शेवटच्या आठवड्यात प्रदर्शन झालंच पाहिजे' या अटीची. त्या अटीमुळे सहाव्या आठवड्यापासून कलाकार फ्रेम करणाऱ्याच्या मागे धावतो. शेवटी एक दुपार दारं उघडी ठेवा, अर्धवट कामं भिंतीवर असू द्या, शेजाऱ्यांना बोलवा, बस. खरं प्रदर्शन वर्षा-दोन वर्षांतून एकदा करा आणि ते शहरासाठी करा.

याचे दोन्ही उत्तम नमुने घानातच आहेत. कुमासीच्या विद्यापीठातले प्राध्यापक कारिकाचा सेइदू आणि त्यांच्या सोबत्यांनी चालवलेलं 'ब्लॅक्स्टारलाइन्स कुमासी' हे मंडळ. २०१५ पासून सलग तीन वर्षं त्यांनी अक्राच्या विज्ञान-तंत्रज्ञान संग्रहालयात विद्यार्थ्यांची आणि ज्येष्ठांची भलीमोठी प्रदर्शनं केली. त्यातल्या पहिल्याचं नावच असं होतं की विद्यापीठाचा झगा गावात गेला पाहिजे. दुसरा नमुना तामालेचा. तिथलेच इब्राहिम महामा कोकोच्या जुन्या गोणपाटांनी इमारतीच्या इमारती झाकतात, जगभर त्यांची कामं लागतात, आणि त्या कमाईतून त्यांनी घरी, उत्तरेतल्या तामालेत, २०१९ मध्ये 'सवाना सेंटर फॉर कंटेम्पररी आर्ट' उघडलं. उद्घाटनाला त्यांनी स्वतःचं प्रदर्शन नाही लावलं. गाले विन्स्टन कोफी डॉसन या ज्येष्ठ घानाई चित्रकाराचा आयुष्यभराचा आढावा मांडला. जवळच 'रेड क्ले' या त्यांच्याच दुसऱ्या जागेत त्यांनी जुनी विमानं आणून ठेवलीत, शाळेची पोरं त्यांत शिरून बसतात. अक्राहून तामाले लांब आहे, पण पैसा खर्च करायच्या आधी ती फेरी कराच. महामांचं काम अलीकडे आपल्याकडेही आलं होतं, २०२५-२६ च्या कोची बिएनालेत, म्हणजे दर दोनेक वर्षांनी भरणाऱ्या मोठ्या कलाप्रदर्शनात. त्या खेपेचं क्युरेशन, म्हणजे कामांची निवड आणि मांडणी, गोव्यात राहणाऱ्या निखिल चोप्रांनी आणि त्यांच्या एचएच आर्ट स्पेसेसने केलं, आणि एचएच हीसुद्धा मुळात कलाकारांनीच गोव्यात चालवलेली रेसिडेन्सी. सुट्टीत गावी आलात तर त्यांच्याशीही बोला. दमट हवा आणि समुद्राकाठची घरं या विषयात ते तुमचे सख्खे.

प्रदर्शनात धोकाही असतो. डाकारमध्ये कोयो कुओ यांनी उभ्या केलेल्या 'रॉ मटेरियल कंपनी'त २०१४ च्या बिएनालेच्या वेळी समलैंगिकतेवरचं प्रदर्शन होतं. इमारतीवर हल्ला झाला, प्रदर्शन बंद करावं लागलं. संस्था टिकली, कारण तिच्याकडे अभ्यास, ग्रंथालय, शिकवणं असं बरंच काही होतं. २०१६ पासून त्यांनी आठ आठवड्यांची 'रॉ अकादमी' चालवली, तिथे भिंतीवर काही लागावं अशी सक्ती नाही. विषय नाजूक असेल तर निर्णय त्या गावात कायम राहणाऱ्या कलाकारांना घेऊ द्या. तुम्ही-आम्ही विमानाने निघून जाणारी माणसं.

आता सीएसआर. नाही, चालणार नाही. भारतीय कंपनी कायद्याच्या कलम १३५ खाली सीएसआर म्हणून धरायचा खर्च भारतातल्या कामावरच व्हावा लागतो. बाहेरचं काम मोजत नाहीत. अपवाद आहे तो खेळाडूंच्या प्रशिक्षणाचा, चित्रकारांचा नाही. पण घानातली तुमची कंपनी स्वतःच्या खर्चातून प्रायोजक होऊ शकते. संस्था वेगळी नोंदवा, घानात त्यासाठी 'कंपनी लिमिटेड बाय गॅरंटी' हा ना-नफा कंपनीचा प्रकार आहे. तुमच्या कंपनीचा संचालक मंडळात एकच माणूस ठेवा. ब्रिटिश कौन्सिल, जर्मनीची ग्योथे इन्स्टिट्यूट, स्वित्झर्लंडची प्रो हेल्वेतिया अशा परदेशी सांस्कृतिक संस्थांकडून प्रकल्पापुरते पैसे मिळतात, पण त्यांचे विषय बदलत असतात. यंदा हवामान, पुढे डिजिटल. त्या पैशांवर प्रकल्प करा, पगार नको.

आणि गोदामाचा करार लेखी, किमान पाच वर्षांचा. हे मी जखम दाखवून सांगतोय. आमची पहिली जागा एका कारखानदाराने प्रेमाने, तोंडी दिली होती. आम्ही छत दुरुस्त केलं, अंगण झाडलं, झाडं लावली, लोक यायला लागले. तिसऱ्या वर्षी त्या सुधारलेल्या जागेला फरश्या विकणारा भाडेकरू मिळाला आणि आम्हाला जागा सोडायला पंधरा दिवस. तो कारखानदार वाईट नव्हता. कागदच नव्हता. नैरोबीत २००३ मध्ये औद्योगिक भागातल्या अशाच वखारीत 'द गोडाउन आर्ट्स सेंटर' सुरू झालं, जॉय म्बोयांनी ते वाढवलं. नाव बघा, आपलंच गोदाम. त्याच शहरातला १९९५ पासूनचा कुओना ट्रस्ट दोनेक दशकांनी थांबला, तेव्हा तिथे बसणाऱ्या कलाकारांनीच कलेक्टिव्ह करून जागा चालू ठेवली. म्हणून मी किल्ल्यांवर इतका अडून बसतो. पहिल्या सहा कलाकारांना फाटकाच्या किल्ल्या द्या, त्यांच्या हातात, रात्रीच्याही. उद्या तुमची बदली पुण्याला झाली तर सोमवारी सकाळी कुलूप कोण उघडणार, याचं उत्तर तोपर्यंत त्यांच्या खिशात असेल.

नावाचं म्हणाल तर 'कलांगण' गोड आहे, पण ते तिथे कोणाला उच्चारता येणार नाही आणि तुम्हाला दर वेळी अर्थ सांगत बसावं लागेल. टेमाची जमीन मुळात 'गा' नावाच्या स्थानिक जमातीची. त्या सहा जणांनाच नाव ठेवू द्या. त्यांना अगदीच सुचलं नाही तर एक इशारा द्या: कंपालातली एक संस्था आपल्या रेखांशावरून स्वतःला '३२ अंश पूर्व' म्हणवते, आणि शून्य रेखांश तर तुमच्या टेमामधूनच जातो.